गर्दी ओरडते तेव्हा खेळाडूला काय ऐकू येतं?

२ एप्रिल २०११, वानखेडे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा टॉस. धोनीने नाणं उडवलं, संगकारा काहीतरी बोलला आणि सामनाधिकारी जेफ क्रो यांना ते ऐकूच आलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा एक शब्द गलक्यात विरून गेला. नाणं पुन्हा उडवावं लागलं आणि या वेळी टॉस श्रीलंकेने जिंकला. त्यावरून क्रिकेटवेडे अजून भांडतात, ते भांडण बाजूला ठेवू. गंमत पुढे आहे. जिथे हातभर अंतरावरचं बोलणं पोचत नव्हतं, त्याच मैदानात जयवर्धनेने नाबाद १०३ धावा केल्या, गंभीरने ९७ आणि धोनीने नाबाद ९१. या तिघांचं लक्ष लागत नव्हतं असं कोण म्हणेल?

याउलट टेनिसमध्ये सर्व्हिसच्या वेळी प्रेक्षकांत कुणी मोठ्याने खोकलं, तरी खेळाडू हातातला चेंडू आपटत थांबून राहतो आणि उंच खुर्चीवरचे पंच 'क्वाएट प्लीज' म्हणतात. आता आवाजाने लक्ष मोडत असेल, तर वानखेडेवर कुणाला बॅट धरणंही जमायला नको होतं. मोडत नसेल, तर टेनिसवाले उगाच नखरे करतात. (आपल्याकडच्या बऱ्याच क्रिकेटप्रेमींचं हेच मत असतं म्हणा.)

आधी आवाजाच्या मापाचं बघू. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. आकडा १० ने वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते, आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. घरातलं नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ ला प्रेक्षकांनी ठरवून आरडाओरडा केला आणि १४२.२ डेसिबलचा विक्रम गिनेस बुकात गेला. तो काही क्षणांचा उच्चांक होता, सामनाभर तसं कुणी ओरडू शकत नाही. पण शंभराच्या वरचा आवाज मोठ्या स्टेडियममध्ये सहज होतो, आणि तेवढ्या आवाजात शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं.

असं असूनही लक्ष विस्कटण्याचा संबंध आवाज किती मोठा आहे याच्याशी कमी असतो. तो किती बदलतो, याच्याशी जास्त असतो.

आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. खोलीतला पंखा चालू असेपर्यंत त्याचा आवाज आपल्या गावीही नसतो, वीज गेली आणि पंखा थांबला की मात्र मान आपोआप वर जाते. सतत येणारा, एकसारखा आवाज मेंदू 'यात नवीन काही नाही' म्हणून मागे टाकतो. अचानक आलेला, तुटक, अर्थ लागणारा आवाज मात्र लक्षाला हिसका देतो. हे आपल्या हातात नाही. रानात पाचोळा वाजला की थांबणारे पूर्वज वाचले, त्यांचीच ही देणगी.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत याची तपासणी वेगळ्या पद्धतीने झाली आहे. लोकांना आकड्यांची मालिका लक्षात ठेवायला सांगायची आणि कानावर आवाज सोडायचा. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवलं तर फारसा त्रास होत नाही. अक्षरं बदलत राहिली तर चुका वाढतात. आवाज थोडा कमी-जास्त केला म्हणून त्यात फार फरक पडत नाही. दुसरा एक जुना प्रयोग नेव्हिल मोरे या संशोधकाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. दोन कानांत दोन वेगळे संदेश चालू, लक्ष फक्त एका कानाकडे द्यायचं. दुसऱ्या कानात काय चाललंय ते लोकांना जवळजवळ काहीच सांगता येत नव्हतं, पण त्यात स्वतःचं नाव आलं तर साधारण एक तृतीयांश लोकांनी ते पकडलं. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला तीस हजारांचा कल्ला सोसतो आणि मागून कुणीतरी त्याच्या नावाने मारलेला एक टोमणा बोचतो, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणजे टेनिसवाले नखरे करत नाहीत. त्यांच्या खेळाने शांतता ही सवय करून ठेवली आहे, आणि शांततेत प्रत्येक खोकला ही घटना असते. वानखेडेवर खोकल्याला कोण विचारतो! गोल्फमध्ये हे फार छान दिसतं. एरवी गोल्फच्या मैदानावर स्वयंसेवक 'शांत राहा'च्या पाट्या हातात धरून उभे असतात. पण अमेरिकेतल्या स्कॉट्सडेलला फिनिक्स ओपनच्या सोळाव्या होलभोवती चक्क स्टेडियमसारखे स्टँड बांधलेले आहेत. हजारो लोक तिथे सतत ओरडतात, फटका फसला की हुर्यो उडवतात. तेच गोल्फपटू, तोच चेंडू, आणि तरीही फटके व्यवस्थित बसतात, कारण तिथे गोंगाट असणार हे घरून निघतानाच ठाऊक असतं.

आपल्याकडे कुस्तीचं मैदान आठवा. कोल्हापूरच्या खासबागेत हलगी, घुमकं, कैताळ वाजत असतं, वर निवेदकाचा आवाज, त्यावर प्रेक्षकांच्या आरोळ्या. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात पैलवानाला डाव सुचतो कसा? पण हलगी ठेक्यात वाजते. पुढचा ठोका कधी येणार हे अंगाला माहीत असतं, आणि पैलवान लहानपणापासून त्याच आवाजात मातीत उतरलेला असतो. उद्या कुणी सगळ्यांना गप्प करून कुस्ती लावली, तर माझ्या मते पैलवान आधी बावचळेल.

दुसऱ्या टोकाला बुद्धिबळपटू बॉबी फिशर. १९७२ साली आइसलंडमधल्या रेक्याविकला स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणून त्याने तक्रार केली. पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका छोट्या खोलीत खेळायला स्पास्की तयार झाला, आणि तो डाव फिशरने जिंकला. कॅमेऱ्याच्या आवाजाचे डेसिबल किती असणार? पण पूर्ण शांततेची अपेक्षा ठेवून बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. यात फिशरचा कांगावा किती आणि खरा त्रास किती, यावर बुद्धिबळवाले आजही वाद घालतात.

झुरळं आणि प्रेक्षक

आवाजामागे माणसं असतात, आणि माणसं बघतायत ही जाणीव आवाजाइतकीच काम करते. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेट यांनी नोंदवलं, की सायकलपटू एकटे घड्याळाविरुद्ध पळवतात त्यापेक्षा इतरांसोबत जास्त वेगाने जातात. पुढे बऱ्याच जणांनी उलटंही दाखवलं, की लोक बघत असले की माणूस चुका करतो. ही दोन्ही टोकं कशी जुळवायची? रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये एक उत्तर मांडलं आणि १९६९ मध्ये ते झुरळांवर तपासलं.

झुरळ प्रकाशापासून पळतं. सरळ वाटेच्या एका टोकाला दिवा लावला, दुसऱ्या टोकाला अंधारं खोकं ठेवलं. बाजूला पारदर्शक पेट्यांत 'प्रेक्षक' झुरळं बसवली. प्रेक्षक असताना झुरळ सरळ वाटेवरून जास्त वेगाने पळालं. वाट वळणाची केली, तेव्हा मात्र प्रेक्षक असताना त्याला जास्त वेळ लागला. झायन्स यांचं म्हणणं असं, की बघणारे असले की शरीराची उत्तेजना वाढते, आणि उत्तेजना वाढली की जी कृती अंगात सगळ्यात मुरलेली आहे ती जोरात बाहेर येते. मुरलेली कृती बरोबर असेल तर खेळ खुलतो. नीट बसलेली नसेल तर चूकच जोरात बाहेर येते. म्हणूनच गर्दीसमोर मुरलेला फलंदाज चढतो आणि नवखा कोसळतो.

उत्तेजना किती हवी, हे खेळावरही ठरतं. वजन उचलणाऱ्याला ती जास्त चालते. नेमबाजाला नाही, कारण त्याच्या बाबतीत हृदयाचा ठोकासुद्धा बंदुकीच्या नळीपर्यंत जातो.

पण अनुभवी खेळाडूही गर्दीसमोर गळपटतात, त्याचं काय? पेनल्टी कॉर्नरवर वर्षानुवर्षं गोल मारणारा नेमका अंतिम सामन्यात चेंडू बाहेर घालवतो. इथे सीअन बायलॉक आणि सहकाऱ्यांचे २००० नंतरच्या वर्षांतले प्रयोग उपयोगी आहेत. त्यांनी कसलेल्या फुटबॉलपटूंना चेंडू खुंट्यांमधून काढत न्यायला सांगितलं. पायाच्या कुठल्या भागाने चेंडूला स्पर्श होतोय याकडे लक्ष ठेवा, असं सांगितल्यावर त्यांचा वेग कमी झाला. कानावर पडणारे शब्द ऐकून एक ठरावीक शब्द ओळखा, असं दुसरं काम दिलं तेव्हा त्यांचं फारसं बिघडलं नाही. नवख्यांचं बरोबर उलट झालं.

मला या सगळ्या विषयात हा शोध सर्वांत मोलाचा वाटतो. कसलेल्या खेळाडूची कला त्याच्या हातापायांत बसलेली असते आणि त्याने तिच्यात डोकावलं की ती अडखळते. गर्दीचा गोंगाट कानात शिरून फारसं बिघडवत नाही. तो माणसाला स्वतःकडे बघायला लावतो. 'मनगट नीट वळतंय ना? सगळे बघतायत.' इथून घसरण सुरू होते. म्हणून प्रशिक्षक महत्त्वाच्या क्षणी 'कोपर वर ठेव' असं ओरडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा नुकसानच करत असतो. असे प्रशिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत.

जेव्हा आवाजच माहिती असतो

इथवर लक्षाचं झालं. पण गोंगाटाचं आणखी एक काम आहे, आणि त्याची गल्लत नेहमी एकाग्रतेशी केली जाते. गोंगाट उपयोगाचे आवाज झाकून टाकतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चाल सुरू कधी करायची हे क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, ओरडून सांगतो. यजमान प्रेक्षक मुद्दाम नेमक्या त्याच वेळी कल्ला करतात, म्हणजे पाहुण्या संघातला कुणीतरी वेळेआधी हलेल आणि दंड बसेल. पाहुणे संघ त्यासाठी खुणांनी चाल सुरू करण्याचा सराव करतात. इथे कुणाची एकाग्रता ढळलेली नसते, निरोपच पोचत नाही. हा फायदा इतका खरा आहे, की अटलांटा फाल्कन्स संघाने स्टेडियमच्या स्पीकरवर ध्वनिमुद्रित गोंगाट मिसळला, तेव्हा २०१५ मध्ये लीगने त्यांना साडेतीन लाख डॉलर दंड केला आणि पुढच्या वर्षीच्या खेळाडू निवडीतली एक संधीही काढून घेतली.

२०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल विश्वचषकात वुवुझेला या पिपाणीने तेच केलं. तो तर एकसुरी घोंघाट होता. मेंदूने मागे टाकावा असाच. तरी खेळाडू वैतागले, कारण एकमेकांना दिलेल्या हाका ऐकू येईनात.

क्रिकेटमध्ये 'येस', 'नो', 'वेट' या तीन हाकांवर दोन फलंदाजांची विकेट अवलंबून असते. भरलेल्या स्टेडियममध्ये त्या पोचत नाहीत, म्हणून जोडीदाराच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे बघावं लागतं. पंचांची अडचण आणखी मोठी. चेंडूला बॅटची कड लागली का, हे वीस मीटरवरून मुख्यतः कानाने ठरवायचं, आणि नेमकं त्याच वेळी हजारो लोक एका सुरात ओरडतात. यष्ट्यांमधल्या माइकवर चालणारं तंत्रज्ञान आलं त्यामागे ही अडचणही आहे. कबड्डीत तर आवाज हा नियमाचाच भाग. चढाई करणाऱ्याचा दम, म्हणजे 'कबड्डी कबड्डी'चा सलग उच्चार, पंचांना स्पष्ट ऐकू यायला हवा. मातीच्या मैदानावर कडेला रेटारेटी करणारे प्रेक्षक असताना पंच चढाईपटूच्या जवळजवळ मागेच का धावायचे, ते यावरून कळेल.

टेनिसपटूही चेंडू रॅकेटवर कसा बसला याचा अंदाज आवाजावरून घेतात. २०१६ च्या अमेरिकन ओपनमध्ये आर्थर अ‍ॅश स्टेडियमचं छत बंद होतं आणि त्यावर पाऊस कोसळत होता, तेव्हा अँडी मरीने हीच तक्रार केली होती. आपण खेळताना कानही वापरतो, असं त्याचं म्हणणं.

या सगळ्याचं टोक म्हणजे गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये सुरू झालेला हा खेळ १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी लावतात आणि चेंडूतल्या घुंगरांच्या आवाजावरून त्याचा माग काढतात. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी चिडीचूप राहायचं, गोल झाल्यावर मग हवं तेवढं ओरडायचं. दृष्टिहीनांच्या फुटबॉललाही हाच रिवाज आहे.

शिट्टी कुणाच्या हातात आहे?

गर्दीचा घरच्या संघाला फायदा होतो हे सगळेच मानतात. कसा होतो, असं विचारलं तर उत्तर येतं, की खेळाडूंना जोर चढतो. तेही असेल. पण ज्याचा पुरावा जास्त भक्कम आहे तो परिणाम वेगळ्याच माणसावर होतो: पंचांवर.

इंग्लंडमध्ये अ‍ॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ४० प्रशिक्षित फुटबॉल पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर या सामन्यातल्या ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या. काहींना गर्दीच्या आवाजासकट, काहींना मुक्या. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान लिव्हरपूलविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले, आणि आपल्या निर्णयांबद्दल त्यांना खात्रीही कमी होती. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. यात कुणी लबाडी करत होतं असं नाही. निर्णय पन्नास-पन्नास असला की मेंदू मिळेल तो पुरावा घेतो, आणि हजारो लोकांचं 'हॅ!' हा त्याला पुरावा वाटतो.

मग करोना आला आणि जगभर रिकाम्या स्टेडियमांत सामने सुरू झाले. जर्मनीची बुंडेसलिगा १६ मे २०२० ला परतली, पाठोपाठ इतर. संशोधकांना एरवी कधीच न मिळणारा प्रयोग आयता मिळाला. युरोपातल्या अनेक लीगांच्या आकडेवारीत घरच्या मैदानाचा फायदा घटलेला दिसला, आणि पाहुण्या संघाला जास्त पिवळी कार्डं मिळण्याची जुनी खोडही बरीच कमी झाली. प्रेक्षकांचा आवाज टीव्हीवर घरबसल्या लोकांसाठी मिसळला जात होता, मैदानावरचे पंच त्यातून बरेचसे सुटले होते.

घरची गर्दी उलटूही शकते का? १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्सने सांगितलं होतं, की मोठी गर्दी गप्प करण्यासारखं समाधान नाही. दुसऱ्या दिवशी कोहली ५४ धावांवर त्याच्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला आणि नव्वद हजारांवर माणसं एकदम मुकी झाली. सततच्या कल्ल्यात खेळणाऱ्या यजमान फलंदाजासाठी ही शांतता म्हणजे मोठा बदल, आणि मेंदू बदलाकडेच वळतो हे वर आलंच आहे. पण शांततेमुळे आपण हरलो, असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. खेळपट्टी संथ होती, ऑस्ट्रेलियाची गोलंदाजी नेमकी होती आणि ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा काढल्या. अंतिम सामन्यात यजमान संघ दडपणाने गळपटतात, असा सिद्धांत १९८४ मध्ये रॉय बाउमाइस्टर यांनी मांडला होता. पुढे जास्त आकडेवारी तपासल्यावर तो तितकासा टिकला नाही.

सवय लावायची कशी

दक्षिण कोरियाच्या तिरंदाजांनी यावर साधा उपाय केला. त्यांना बेसबॉलच्या स्टेडियममध्ये नेऊन, सामना बघायला आलेल्या गर्दीसमोर बाण मारायला लावलं. त्यांच्या महिला संघाने १९८८ ते २०२४ अशी सलग दहा ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली आहेत. त्याचं श्रेय एकट्या या सरावाला देता येणार नाही, पण ते त्याला किती महत्त्व देतात हे दिसतं. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तर नियमच बदलले. पूर्वी रेंजवर कुजबुजही चालत नसे. आता अंतिम फेरीत संगीत वाजतं आणि प्रेक्षकांनी दाद द्यावी अशी अपेक्षा असते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं ते अशाच अंतिम फेरीत.

खेळाडूच्या हातात दोन गोष्टी असतात. एक डोळे. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी दाखवलं, की पारंगत खेळाडू कृतीच्या आधी नजर एका नेमक्या जागी जास्त वेळ स्थिर ठेवतात. बास्केटबॉलमध्ये रिंगची कड, गोल्फमध्ये चेंडू. नजर एका जागी खिळलेली असली की कानांना सुट्टी देणं सोपं जातं. दुसरी म्हणजे ठरलेला क्रम: ग्लोव्हज नीट करणं, गार्ड घेणं, एक श्वास. अंधश्रद्धेसारखं दिसणारं हे सगळं मनगटाबद्दल विचार करायला जागाच ठेवत नाही.

आता शाळा-क्लबांच्या पातळीवर मोबाइलला स्पीकर जोडून स्टेडियमचा आवाज लावून सराव घेतात. चांगलं आहे, पण एकच ध्वनिफीत सलग वाजली की थोड्याच वेळात तिचा पंखा होतो आणि मुलांना वाटतं आपण गर्दीला सरावलो. त्यापेक्षा आवाज मध्येच वाढवावा, मध्येच बंद करावा, शॉट मारतानाच मुलाचं नाव घेऊन मित्रांना ओरडू द्यावं. आणि नेम चुकला तर सगळ्यांच्या किटबॅगा त्यानेच उचलायच्या, असं काहीतरी पणाला लावावं.